पान एकोणचाळीसवरची भूक

माझं आत्मचरित्र प्रसिद्ध झालं आणि आमच्या घरात माझं जेवण बंद झालं.

घर म्हणजे पारनेर तालुक्यातलं, दादा-वहिनींचं. मुंबईत माझं जेवण सुरळीत चालू होतं. चाळीस वर्षं मी नाटकं, सिनेमे आणि मालिकांत कामं करतोय. तुम्ही मला कुठेतरी पाहिलेलं असणारच. सुरुवातीला हवालदार, मग इन्स्पेक्टर, मग नायिकेचा बाप आणि आता शंभराव्या भागात झटका येऊन जाणारे आजोबा, अशी माझी चढती कमान आहे. गेल्या वर्षी एक मोठा पुरस्कार मिळाला आणि पुरस्कार मिळालेल्या माणसाला जो आजार होतो तो मलाही झाला. मी आत्मचरित्र लिहायला घेतलं.

पहिली काही प्रकरणं वाचून प्रकाशकांचा चेहरा पडला.

"सर, यात भूक नाही."

"म्हणजे?"

"खेडं आहे, दुष्काळी भाग आहे, आई लहानपणी गेलेली आहे. सगळं कसं जमून आलंय! (हे त्यांचेच शब्द.) आणि पान एकोणचाळीसवर तुम्ही चक्क शेंगोळे खाताय. वाचकाच्या डोळ्यांत पाणी यायचं कसं?"

दिग्दर्शक सांगेल तसं रडायची-हसायची मला जन्माची सवय. म्हटलं, घाला थोडी भूक! दुसऱ्या खर्ड्यात पान एकोणचाळीसवर शेंगोळ्यांऐवजी मी एकदा पाणी पिऊन उपाशी झोपलो. तिसऱ्यात 'कित्येकदा' झोपलो. चौथ्या खर्ड्यात आमची वीस एकर जिरायत, बैलजोडी आणि दुभती म्हैस नाहीशी झाली, घराची कौलं फुटली, आणि मी इतका उपाशी राहिलो की पाचव्या प्रकरणापर्यंत जिवंत पोचलो कसा, हे माझं मलाच कळेना. पुस्तक धडाक्यात खपलं.

पहिली प्रत दादाला पाठवली. चार दिवसांनी त्याचा फोन. आवाज कापरा.

"दिनू, लई वाईट दिवस काढलं रं आपन."

मागून वहिनीचा आवाज आला, "कवा?"

"अगं, ह्यात लिव्हलंय."

"मी घरातच हुते की. मला कसं दिसलं न्हाईत?"

प्रकरण एवढ्यावर मिटलं असतं. पण पुढच्या रविवारी पुण्याच्या दोन वाचक बाया गाडी करून गावात आल्या. उपाशी नटाचं घर विचारत विचारत आमच्या अंगणात पोचल्या आणि त्यांनी वहिनीच्या पुढ्यात दहा किलो गहू, दोन ब्लँकेटं आणि एक साडी ठेवली.

"हे कशापायी, बाई?" वहिनीने विचारलं.

"असू द्या हो. आम्ही सगळं वाचलंय."

वहिनीला काही उमगेना. तरी ती म्हणाली, "बरं, आलाच हाय तर चार घास खाऊन जा."

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. एकीचे डोळे भरून आले. "नको नको! तुम्हालाच कमी पडायचं!"

आता आमची वहिनी म्हणजे, जिच्या दारातून पोस्टमन, वायरमन आणि मतं मागायला आलेले सगळे पक्ष जेवल्याशिवाय सुटलेले नाहीत. तिला हे तिच्याच अंगणात ऐकावं लागलं! तिने त्या बायांना खाली बसवलं आणि काय वाचलंय ते, म्हणजे पान एकोणचाळीस, मोठ्याने वाचायला लावलं. त्यांनी भावपूर्ण वाचलं म्हणे.

यातलं मला काही ठाऊक नव्हतं. गावाने माझा सत्कार ठरवला होता, दुपारी चारला. मी सकाळी अकरालाच पोचलो, कारण वहिनीच्या हातचं जेवायचं म्हणून वाटेत चहासुद्धा घेतला नव्हता. माझा ड्रायव्हर, दादा आणि मी, तिघंही ताटावर बसलो. दोघांच्या ताटात बाजरीची गरम भाकरी, मटकीची आमटी, ठेचा, वर लोण्याचा गोळा. माझ्यापुढे तांब्या.

"वैनी, मला?"

"पानी पी आन् झोप. पान एकोनचाळीस."

मी हसलो. वहिनी हसली नाही. ड्रायव्हर मान खाली घालून चौथी भाकरी खात होता.

मग मी सहज म्हणून शेजारी गेलो. शेजारीण "या की, या!" म्हणाली, पोह्यांचा डबा काढला आणि परत ठेवून दिला. "न्हाई भावजी. वैनीचा निरोप हाय. तुमी खाल्लं तर तुमचं पुस्तक खोटं पडंल म्हनत्यात." पुढच्या घरी तोच निरोप. शेवटी मी उन्हातून चालत फाट्यावरच्या हॉटेलात गेलो. समोर कढईत भजी तळत होती, भिंतीवर माझा हार घातलेला फोटो होता, आणि मालक हात जोडून म्हणाला, "साहेब, दुसरं काय बी सांगा. पर वैनीचं मोडता येनार न्हाई."

परत आलो तर दादा गोठ्यात म्हशीपाशी उभा होता.

"दादा, चेष्टा फार झाली रे. पोटात कावळे ओरडताहेत."

"चेष्टा न्हाई ती, दिनू," दादा म्हणाला. "आई गेली तवा तू नऊ वर्साचा आन् ही सतरा वर्साची पोर. त्या बाया येऊन गेल्यावर दोन दिस जेवली न्हाई. म्हनती, आता लोक म्हनतील, आई मेलेल्या दिराला भावजयीनं उपाशी मारलं. पुस्तकात छापलंय म्हनल्यावर खोटं कोन म्हनंल?"

एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नव्हती. तव्यावरची पहिली भाकरी माझ्या ताटात टाकल्याशिवाय त्या सतरा वर्षांच्या मुलीने कधी दुसरी थापली नाही, आणि मी जेवलो हे पाहिल्याशिवाय ती कधी जेवायला बसली नाही. वाचकांच्या डोळ्यांतल्या पाण्यासाठी मी ते सगळं खोडून टाकलं होतं. मला माझीच भयंकर लाज वाटली. ठरवलं, आज चारचौघांत खरं सांगायचं आणि वहिनीचं नाव धुऊन काढायचं.

सत्काराला अख्खा गाव लोटला होता. वहिनी पहिल्या रांगेत, पदर घट्ट ओढून. सरपंच सुरू झाले, "पोटात अन्नाचा कन न्हाई, अशा घरातून ह्यो हिरा निघाला!" वहिनीने मान खाली घातली. मी जवळजवळ माईक हिसकावून घेतला.

"हे खोटं आहे! मी या घरात एकदाही उपाशी झोपलो नाही. माझ्या वहिनीने मला पोटभर जेवू घातलं!"

टाळ्यांचा कडकडाट! शिट्ट्या! सरपंचांनी डोळे पुसले. "बघा, मंडळी! एवढा मोठा झाला तरी मानूस घराची अब्रू झाकतोय!"

"अहो झाकत नाही, खरं सांगतोय!"

"काय ॲक्टिंग हाय!" मागून कुणीतरी ओरडलं. टाळ्या दुप्पट झाल्या.

वहिनी उठली आणि चालायला लागली. चाळीस वर्षांत लोकांनी माझा अभिनय खरा मानला नव्हता. आज खरं बोललो तर त्याला अभिनय म्हणत होते! स्वतःचा मोठेपणा सोडून बोलल्याशिवाय कुणी विश्वास ठेवणार नाही, हे कळून चुकलं. मग जी गोष्ट मी बायकोलासुद्धा सांगितली नव्हती, ती माईकवरून सांगितली.

"वैनी, थांब! मला पहिलं काम कसं मिळालं ते पुस्तकात नाही. ऐक. मी नगरला कॉलेजात होतो. तू रोज सकाळच्या एसटीने डबा पाठवायचीस. नाटकाच्या तालमीत पहिल्याच दिवशी सर मला म्हणाले, 'तुला आवाज नाही, नीट उभं राहता येत नाही, उद्यापासून येऊ नकोस.' मी कोपऱ्यात जाऊन डबा उघडला. त्यात तुझी मासवडी होती. सर वासाने जवळ आले. एक खाल्ली, दुसरी खाल्ली, सगळ्या खाल्ल्या. मग म्हणाले, 'हा डबा रोज येतो?' मी म्हटलं, हो. म्हणाले, 'मग तूही रोज ये.' आणि मला हवालदार केलं!"

मग कुठेतरी एकजण फिस्सकन हसला आणि सगळं गाव हसायला लागलं. मी थांबलो नाही. "मला भूक वाढलीय असं तुला खोटं सांगून मी नऊ-नऊ भाकरी मागवल्या. नाटकाची अख्खी मंडळी त्यावर जेवायची. तू तूप पाठवलंस, त्या आठवड्यात मला नायकाचा भाऊ केलं!"

वहिनी वळली. "आन् मी दृष्ट काढत बसले! येकटं पोरगं नऊ भाकरी खातंय म्हनून!"

ती पदराने डोळे पुसत होती, पण हसत होती. ती तरातरा स्टेजवर आली आणि तिने माझं मनगट धरलं. "चल घरी."

"वैनी, शाल ऱ्हायलीय," सरपंच म्हणाले.

"शाल घाला त्या खुर्चीला. त्यो सकाळपासून उपाशी हाय."

घरी तिने चूल पेटवली. पहिली भाकरी माझ्या ताटात पडली. मी मान वर न करता जेवत राहिलो, कारण वर पाहिलं असतं तर रडलो असतो, आणि ते पुन्हा कुणाला खरं वाटलं नसतं. एवढी माया पदरात पडलेल्या माणसाने गरिबीवर पुस्तक लिहू नये, हे मला त्या ताटावर समजलं. दुसऱ्या आवृत्तीत पान एकोणचाळीसवर पुन्हा शेंगोळे येणार आहेत, मासवडी येणार आहे, आणि प्रकाशक रडताहेत.

वहिनीने तव्यावरची भाकरी उलटली.

"दिनू, आज माझ्या जिवावरचं मोठं ओझं उतरलं बग."

"मला माफ केलंस ना, वैनी?"

"त्ये न्हाई रं. टीव्हीवर तुझं काम बघते आन् इतकी वर्सं मनात म्हनते, ह्याला घेत्यात तरी कशापायी! आज कळलं."