बसूच्या गाण्यावर बसूचं नाव

उद्या दहा वाजता बसूचं गाणं येणार होतं आणि त्यावर बसूचं नाव नव्हतं.

आज त्याला जाऊन एक वर्ष झालं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. नांदेडचा आमचा तिघांचा रॉक बँड. औशाचा बसवराज, म्हणजे बसू, गिटार वाजवायचा, गाणी लिहायचा, चाली लावायचा. प्रसाद गातो.

मी ड्रम्स वाजवतो आणि अपलोडचे फॉर्म भरतो. बारावी राहिली, पण स्पेलिंग चुकत नाही.

पहिल्या गाण्याला मी विचारलं होतं, "लेखक म्हणून फक्त तुझं नाव टाकू ना?"

"गाणं बसवताना खोलीत कोण कोण होतं?"

"आपण तिघं."

"मंग तिघांचं टाक. खोलीत असंल त्याचं नाव. लई डोकं लावू नको बे."

तोच नियम झाला. नऊ गाण्यांवर लेखक म्हणून माझं नाव आहे. मी एक ओळही लिहिलेली नाही.

दहाव्या, म्हणजे याच गाण्याचे शब्द त्याचे, चालही त्याचीच. रेकॉर्डिंग दुपारी चारला. तो औशाहून बाइकवर निघालेला.

पावणेचारला मी फोन केला.

"अहमदपूर सोडलं. येऊनच राहिलो. माझ्याबिगर चालू करू नका."

चारला परत केला. सव्वाचारला परत. चालत्या गाडीवर तो दर वेळी उचलायचा.

चौथ्यांदा नुसती रिंग वाजत राहिली.

मीच म्हणालो, चालू करू, येईल तो.

दुसरा टेक संपला आणि त्याच्या नंबरवरून फोन आला. आवाज दुसऱ्याच माणसाचा होता.

परवा प्रसाद म्हणाला, "नियम त्याचाच हाय. तो खोलीत नव्हता."

"काय बोलतोस प्रसाद?"

"नाव टाकलं की वारस म्हणून त्याच्या अप्पांची सही लागंल. जातोस औशाला? सांगतोस त्यांना, फोन कोण करून राहिला होता?"

मी फॉर्ममध्ये दोन नावं भरली. दोन्ही स्पेलिंग तपासली.

अप्पांना एवढंच माहीत आहे की चालत्या गाडीवर फोन उचलताना पोरगा गेला. फोन कुणाचा, हे त्यांनी वर्षभरात विचारलेलं नाही. मला रोज वाटतं, आज विचारतील.

आज सकाळी मी फॉर्म परत उघडला. माझं नाव काढलं. प्रसादचं काढलं. लेखक, संगीतकार: बसवराज. सही येईपर्यंत गाणं थांबवलंय.

प्रसादचे अकरा मिस्ड कॉल आहेत. पासवर्ड त्याच्याकडेही आहे, तो नावं कधीही परत बदलू शकतो. म्हणून इथे लिहितोय. निदान तुम्ही वाचलेलं असेल.

अप्पा, कुणी हे तुम्हाला वाचून दाखवलं तर ऐका.

तो फोन माझा होता.

उद्या पहिल्या एसटीने कागद घेऊन येतोय. सही नाही केली तरी चालेल. गाणं येणार नाही, बस. दार मात्र उघडा.

बसू, तुला श्रद्धांजली वाहायचा हक्क मला आहे की नाही, माहीत नाही.

तरी वाहतो.