कोरडा लंगोट

आमची मुलगी दीड वर्षाची झाली तोवर तिची दवाखान्याची फाइल माझ्या शाळा-कॉलेजच्या सगळ्या कागदपत्रांपेक्षा जाड झाली होती. याला जबाबदार आम्ही दोघं. वराळ्याच्या फ्लॅटमध्ये आम्ही तिघंच राहतो, विचारायला घरात वडीलधारं कुणी नाही. त्यामुळे शिंक आली की दवाखाना, घामोळं उठलं की दवाखाना. शेवटी एकदा डॉक्टर म्हणाले, "साधी सर्दी आहे. मुलगी खेळतेय, पाणी पितेय. अशा वेळी दोन दिवस घरी थांबून बघायला हरकत नाही." यातलं 'खेळतेय, पाणी पितेय' बायकोने लक्षात ठेवलं. मी 'दोन दिवस घरी थांबून बघा' एवढंच ठेवलं.

माझं गाव वडिवळे. तिथे आई, थोरला भाऊ आणि वहिनी असतात. शेती भाऊ करतो, मी कंपनीत तयार झालेले पार्ट तपासतो. आमच्याकडे भाताची लावणी सावडीने होते. म्हणजे आज प्रत्येक घरातलं एक माणूस आमच्या खाचरात, उद्या आमच्या घरातलं त्यांच्या खाचरात. ज्याची सावड असेल त्याने सगळ्यांना जेवू घालायचं आणि स्वतः शेवटपर्यंत चिखलात राहायचं. मागची तीन वर्षं मला लावणीला सुट्टी मिळाली नव्हती. भाऊ काही बोलला नाही, पण गावाने त्याच्या वाटचं बोलून घेतलं. माझं नाव 'फ्लॅटवाले' पडलं होतं. यंदा मी रजा टाकली आणि ठरवलं, काहीही झालं तरी दिवस मावळेपर्यंत खाचरातून पाय बाहेर काढायचा नाही. असले निर्धार मी आयुष्यात फार कमी वेळा केलेत, आणि नेमके चुकीच्या दिवशी.

आदल्या संध्याकाळी आम्ही गावी पोहोचलो आणि मुलीला उलट्या-जुलाब सुरू झाले. आई म्हणाली, "हवापानी बदललं, दुसरं काय न्हाई." सकाळी बायकोने तिला वाटीने पाणी पाजलं, ते तिने लगेच उलटून टाकलं. "पानी दिलं का उलटी व्हती," आई म्हणाली. "नगं देऊस. पोटाला जरा आराम पडू दे." मला हे पटलं. कंपनीत कुठे गळती दिसली की आम्हीही आधी व्हॉल्व्ह बंद करतो. बायकोने पिशवीतून ओआरएसचं पाकीट काढलं, तर आई म्हणाली, "ते बी पानीच की." पाकीट फळीवर गेलं आणि बायको चुलीपुढे. पंचवीस माणसांच्या भाकऱ्या थापायच्या होत्या.

वहिनीने मुलीचा डायपर काढून टाकला आणि तिला धुतलेल्या धोतराचा मऊ लंगोट बांधला. दहाच्या सुमारास ती चहाची किटली घेऊन बांधावर आली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "भावजी, जुलाब थांबले बगा. सकाळधरनं लंगोट कोरडा हाये." खाचरात समाधान पसरलं. चहा वाटता वाटता वहिनीने आणखी सांगितलं, की आत्याबाई, म्हणजे माझी आई, म्हणतात, लय गुणाची पोर, सावडीचा दिवस हाये म्हणून हूं का चूं करत न्हाई. मला अभिमान वाटला. पार्टमध्ये केसाएवढी चीर असली तरी मी ती शोधून काढतो, अशी कंपनीत माझी ख्याती आहे. मी चहा प्यायलो आणि रोपांची पुढची जुडी उचलली.

तासाभराने बायको स्वतःच बांधावर आली. हाताला पीठ तसंच होतं. ती तळेगावची. चारचौघांत नवऱ्याशी मोठ्याने बोलणं तिला जड जातं, पण खाचराच्या मधोमध उभ्या माणसाशी हळू बोलता येत नाही.

"अहो, ती नीट जागीच होत नाहीये. डोळे उघडते, परत मिटते. दाखवून आणू या का? कामशेत काही लांब नाही."

पंचवीस पाठी सरळ झाल्या. भावाचा एक मित्र म्हणाला, "वैनी, शिंक आली व्हय पोरीला?" सगळे हसले. आमच्या फाइलची जाडी गावापर्यंत पोहोचलेली होती. मीही हसलो आणि म्हणालो, "संध्याकाळी बघू."

ती परत चुलीकडे गेली. मी तिच्याकडे पाहिलं नाही. मला तेव्हाच लाज वाटत होती, पण पंचवीस माणसांसमोर खाचरातून बाहेर यायची लाज त्याहून मोठी वाटली. आज हे लिहिताना मला माझा राग येतो, आणि तो येणं बरोबरच आहे.

आमच्या शेजारच्या घरातून सावडीला त्या दिवशी आबा आले होते. त्यांचं वय इतकं की त्यांना वाकता येत नाही. पण घरटी एक माणूस म्हणजे एक माणूस, म्हणून भावाने त्यांना घरीच पोरीच्या झोळीपाशी बसवलं होतं. झोळी हलवणं हीच त्यांची सावड. आबांनी जन्मभर गुरं राखली. माणसांच्या आजाराविषयी ते कधी बोलत नाहीत, तो आपला विषय नाही म्हणतात. साडेअकराच्या सुमारास ते काठी टेकत, घसरत बांधावर आले.

"खाली ठेव ती रोपं," ते मला म्हणाले. "पोरीला दवाखान्यात ने."

"आबा, जुलाब थांबलेत तिचे. दोनच खाचरं राहिलीत, संध्याकाळी…"

"पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली म्या. तशीच उबी ऱ्हाती. डोळं आत गेल्यात, तोंडाला वलावा न्हाई." आबा दम खायला थांबले. "वासरू आसतं तर सकाळीच डागदर बोलावला आसतास तू."

यावर कुणीही हसलं नाही. खरंच होतं ते. मागच्याच महिन्यात वासराला हगवण लागली, तेव्हा भावाने सकाळी सातला गुरांच्या डॉक्टरला फोन केला होता, आणि ते वासरू पाणी पीत होतं. मी रोपं चिखलातच टाकली आणि पळालो. शिंकेचा विनोद करणारा तो मित्र माझ्या आधी घरी पोहोचला आणि बायको मुलीला घेऊन गाडीत बसेपर्यंत दोघींवर छत्री धरून उभा राहिला.

मी मांड्यांपर्यंत चिखलाने माखलेल्या पायांनी गाडी चालवली. बायको मागे बसून मुलीला हाका मारत होती. मुलगी दर हाकेला पापण्या अर्ध्या उचलायची.

तिथल्या डॉक्टरबाईंनी मुलीच्या तोंडात बोट घालून पाहिलं आणि आबांसारखीच पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली. "शेवटची लघवी कधी झाली?"

"जुलाब थांबलेत," मी म्हणालो. "सकाळपासून लंगोट कोरडा आहे." मी हे त्यांना चांगली बातमी म्हणून सांगितलं.

त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि मग बायकोला विचारलं. ती म्हणाली, काल रात्री झोपताना. त्यापुढे डॉक्टरबाईंनी मला काही विचारलं नाही. शीर सापडेना. हातावर दोनदा सुई टोचली, मग पायावर. मुलगी रडली, पण आवाज मांजराच्या पिलाएवढा आणि डोळे कोरडे. मी तिचा पाय धरून ठेवला होता. माझ्या हाताचा चिखल तिच्या टाचेला लागला. मला इतकी भीती आयुष्यात कधी वाटलेली नाही.

सलाईन सुरू झाल्यावर मी धीर करून विचारलं, "संध्याकाळी आणलं असतं तर चाललं असतं का?"

"नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या आणि दुसऱ्या पेशंटकडे गेल्या.

चारच्या सुमारास मुलगी माझ्या मांडीवर होती आणि मला एकदम ऊब जाणवली. चिखलाची पँट पुन्हा ओली झाली. मी नर्सला इतक्या मोठ्याने हाक मारली की शेजारच्या खाटेवरचं पोर दचकून उठलं. मग भावाला फोन लावला. त्याने फोन स्पीकरवर टाकून बांधावर धरला असावा, कारण "मुतली!" हा शब्द मला पंचवीस तोंडांतून परत ऐकू आला. सावड माझ्यावाचून कुठेही अडली नव्हती, शेवटचं खाचर उरकत आलं होतं. बांधावर आलेल्या आईने फोन घेतला आणि ती रडायला लागली. "म्याच पानी बंद केलं," एवढंच ती म्हणत राहिली. मी म्हणालो, आई, व्हॉल्व्ह बंद करायला मीही हो म्हटलं होतं. तिला ते कळलं नाही, पण ती रडायची थांबली.

दुसऱ्या दिवशी सकाळी घरी सोडताना डॉक्टरबाईंनी बायकोला समोर बसवलं. मी मागे उभा होतो. त्यांनी सांगितलं, उलटी झाली तरी पाणी बंद करायचं नाही. दहा मिनिटं थांबून ओआरएस चमच्या-चमच्याने पाजत राहायचं. खेळणाऱ्या, पाणी पिणाऱ्या मुलाचं सर्दी-पडसं घरी बघता येतं. पण सहा-आठ तास लघवी नाही, पोटात काहीच टिकत नाही, रडताना डोळ्यांत पाणी नाही, मूल सुस्त पडलंय, तर ताबडतोब निघायचं. श्वास घेताना बरगड्या आत ओढल्या जात असतील तरी तेच, फिट आली तरी तेच. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला तर नुसता ताप आला तरी त्याच दिवशी दाखवायचं. "आणि शांत पडून राहणारं मूल गुणाचं असतंच असं नाही," त्या म्हणाल्या. बायको प्रत्येक वाक्याला मान हलवत होती. यातलं बरंचसं तिला आधीच माहीत होतं, हे मला तिच्या पाठीकडे बघूनही कळलं.

"तुम्हाला कालच वाटलं होतं ना, आणावं म्हणून?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"हो. अकरा वाजता."

"मग यापुढे असं वाटलं की निघायचं. कुणाला विचारत बसायचं नाही."

बायको "बरं" म्हणाली. मीही मागून "बरं" म्हणालो. पण मला कुणी विचारलं नव्हतं.