निळ्या नळाचं पाणी

आई गेल्यावर बाबा पुण्याच्या घरात एकटे पडले. मी त्यांना दुबईजवळ अजमानला आमच्याकडे घेऊन आले, तीन महिन्यांच्या व्हिजिट व्हिसावर. मला ते कायमचे हवे होते. रेसिडेन्स व्हिसाचा विषय काढला की ते "बघू" म्हणत आणि बाल्कनीच्या काचेपाशी जाऊन बसत. एवढा बोलका माणूस असा मुका झालेला मला बघवत नव्हता.

त्यांना खुर्चीतून उठवलं ते माझ्या सावरडोनं. सँडविचचा ब्रेड मी घरीच करते. त्यात यीस्ट नाही, मैदा आणि पाणी आंबवून केलेलं विरजण, म्हणजेच सावरडो, घालते. चार वर्षं एका बरणीत ते जगवलं होतं; त्याला रोज थोडं पीठ-पाणी द्यावं लागतं. एकदा बाबांनी त्यातले बुडबुडे पाहिले आणि विचारलं, "हे जिवंत आहे?" दुसऱ्या दिवसापासून ते खातं त्यांनी स्वतःकडे घेतलं. पीठ काट्यावर तोलायचं, बरणीला रबर लावून विरजण किती चढलं ते बघायचं. मी ऑफिसातून आले की दारातच रिपोर्ट. मी मनात मांडे खाऊ लागले.

मग जुलै आला. इथे उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीतलं पाणी इतकं तापतं की थंड पाण्याच्या, निळ्या खुणेच्या नळाखाली हात धरवत नाही. म्हणून आम्ही गीझर बंदच ठेवतो. त्यातलं पाणी घरातल्या एसीत निवतं आणि लाल नळाला गार पाणी येतं. आंघोळीपुरतं हे मी बाबांना बजावलं होतं, स्वयंपाकघराचं राहून गेलं. त्या दिवशी पिण्याच्या पाण्याची बाटली संपलेली. बाबांनी निळा नळ सोडला. पाणी गरम लागलं, पण दूध कोमट असलं की विरजण छान लागतं, हे त्यांनी आयुष्यभर पाहिलेलं. त्यांनी ते खुशाल बरणीत ओतलं.

संध्याकाळी बरणीत नुसती पेज, उष्णतेनं विरजण मेलेलं. मी मीटिंगांनी वैतागून आलेली, तोंडाला येईल ते बोलले. "चार वर्षं जपलं होतं बाबा! कळत नाही तर हात कशाला लावायचा?"

जेवताना ते शांतपणे म्हणाले, "शनिवारचं तिकीट बघ. पुण्याला जातो."

माझी जीभ तिखट आहे हे मला माहीत आहे, पण त्या दिवशी मला स्वतःची लाज वाटली. सकाळी बरणी घासायला घेतली तर झाकणाला आतून विरजणाचा वाळका पापुद्रा चिकटलेला दिसला; असं वाळलेलं विरजणही पीठ-पाण्यानं पुन्हा जागं होऊ शकतं. झाकण घेऊन मी बाबांपुढे उभी राहिले.

"चूक माझी आहे बाबा. नळाचं मी सांगितलं नव्हतं. आणि बोलले ते तर बोलायलाच नको होतं. हे खरवडून बघता?"

"खलास झालंय ते," बाबा म्हणाले.

संध्याकाळी घरी आले तर बरणीत चमचाभर पीठ कालवलेलं होतं आणि रबरही लावलेलं होतं. पुढे चार दिवस त्यात काहीच हललं नाही. शुक्रवारी त्यांनी विचारलं, "तिकीट झालं का?"

"साइट डाउन आहे," मी सरळ खोटं बोलले.

शनिवारी सकाळी माझी मुलगी स्वयंपाकघरातून ओरडली, "आजोबा, कम फास्ट! इट्स बबलिंग!" बाबा चष्मा न लावताच धावले.

पाव व्हायला आणखी आठवडा गेला. कणीक त्यांनीच मळली. पाव निवेपर्यंत धीर धरवेना, गरमच कापला, त्यामुळे स्लाइस वेड्यावाकड्या निघाल्या. मी लोणी लावून एक त्यांच्या हातात दिली. त्यांनी सावकाश चावून खाल्ली.

"जरा आंबट झालाय," ते म्हणाले. मग बोटाचं लोणी पुसत त्यांनी विचारलं, "त्या रेसिडेन्स व्हिसाला फोटो कसला लागतो? मागे पांढरं हवं ना?"