काशिनाथ भाऊंची झोप

काशिनाथ भाऊ कसा माणूस होता म्हणून विचाराल, तर एका शब्दात सांगते: भोंगा. चांगलं बोलायचं तरी भांडल्यासारखं. कापडाच्या लूमवर काम करणाऱ्या सगळ्यांचंच असं होतं. रात्रभर खडखडाटात उभं राहायचं, शेजारच्याशी बोलायचं तरी ओरडून. पण बाकीचे घरी आले की आवाज खाली आणतात. भाऊंनी कधी आणला नाही. ‘वहिनी, जेवण झालं का?’ एवढं विचारलं तरी माझ्या हातातली पळी खाली पडायची.

लिंबायतमध्ये, लूमवाल्यांच्या वस्तीत, आमची समोरासमोर घरं. ते शिरपूरकडचे, आम्ही अमळनेरचे. त्यांची बायको गावाला, म्हाताऱ्या सासूपाशी. भाऊ इथं एकटे, एका खोलीत. वर्षानुवर्षं रातपाळी. संध्याकाळी डबा घेऊन निघायचे, सकाळी यायचे ते डोळे लाल नि केसांत धाग्याची भुसकटं. अंघोळ, दोन घास, नि दार लोटून आडवे झाले की दुपार उलटेपर्यंत उठायचे नाहीत.

एका उन्हाळ्यात ही झोप मिळेना. दारासमोर पोरांचं क्रिकेट, नळावर भांडणं, त्यात कोणाच्या तरी हळदीचा लाऊडस्पीकर. बरेच दिवस डोळ्याला डोळा लागला नाही, नि एका पाळीत उभ्या उभ्या डुलकी आली. डावा हात चालत्या मशीनमध्ये गेला. दोन बोटं गेली.

दवाखान्यातून आले त्याच दुपारी, हाताला ही एवढी पट्टी, बाहेर येऊन पोरांच्या स्टंपा उचलून फेकल्या नि जी शिवीगाळ केली, माय वं! कान किटले आमचे. दुसऱ्या दिवसापासून गल्ली गप्प झाली. भाऊंना वाटलं, आपल्या ओरडण्यानं झाली.

खरं काय झालं ते मी सांगते, कारण मी तिथं होते. ते ओरडून आत गेले नि त्यांच्या भिंतीला भिंत लागून राहणारी सुंदराबाई घरोघर फिरली. नवरा वारलेला, पदरात एकच मुलगी, मयुरी. रिंगरोडच्या मार्केटमधून साड्यांचे गठ्ठे यायचे, त्यांना ही घरी मशीनवर लेस लावून द्यायची. माझ्या दारात उभी राहून म्हणाली, “अनुसया, बोटं गेली ती गेली. आता हात जाऊ नये. दिवसा जरा सांभाळून घेऊ.”

घेतलं आम्ही. भाजीवाला धुडकू कोपऱ्यापासून मेथी-पालक ओरडत यायचा, तो भाऊंच्या घरापाशी तोंड मिटून हळू गाडी ढकलायचा नि पुढं गेला की परत सुरू. मसाला कुटायचा असला की आम्ही खलबत्ता उचलून नळापलीकडे जायचो. पोरांना खेळायला लांब पिटाळलं. आणि सुंदराबाईनं दिवसा मशीन चालवायचंच सोडलं. मधली भिंत एवढीशी, इकडं मशीन चाललं की तिकडं मांडणीवरची भांडी वाजायची. दिवसा ती धागे कापी, घड्या घाली. भाऊ कामावर गेले की मशीनवर बसायची ती पहाटेपर्यंत. भाऊंना कोणी सांगितलं नाही. सांगण्यासारखं त्यात होतं तरी काय? शेजार म्हटल्यावर एवढं होतंच.

भाऊ मात्र कारखान्यात छाती फुगवून सांगायचे, “आपला धाक आहे गल्लीत. एकदा डोळे वटारले, तेव्हापासून सगळे गार!” आमचे मालक त्याच कारखान्यात कामाला. ते घरी येऊन मला सांगायचे नि मी पोळ्या लाटता लाटता जळायची. म्हणे धाक! मी सुंदराबाईला म्हणायची, एकदा जाऊन चांगलं सुनावते. ती म्हणायची, “जाऊ दे गं. झोपतोय ना, बास.”

प्लेगच्या भीतीनं सगळी गल्ली गावाकडं पळाली ना, त्याच्या आदल्या वर्षीची ही गोष्ट. मयुरीला दोंडाईच्याचं स्थळ आलं. मुलाचं सायकलचं दुकान, माणसं साधी. पाहणं झालं, पसंती झाली, साखरपुड्याच्या तारखेचं बोलणं सुरू झालं. सुंदराबाईला तसं हसताना मी कितीतरी वर्षांनी बघितलं. आणि एकाएकी निरोप आला, आमचा विचार नाही. का, कशासाठी, काही नाही. बाप नसलेल्या पोरीचं स्थळ मोडलं की लोक आधी पोरीकडं बघतात, मग आईकडं. मयुरी नळावर यायची ती खाली मान घालून, आणि हंडा भरला की कोणाशी न बोलता निघून जायची.

त्याच दिवसांत आमच्या शेजारी परभणीकडची शोभाबाई नवीन राहायला आली. पहिल्याच सकाळी तिनं गोधड्या बाहेर काढल्या नि काठीनं झोडपायला लागली, अगदी भाऊंच्या दारासमोर. मी धावत गेले, काठी धरली.

“अगं बाई, थांब! आत भाऊ झोपलेत.”

ती म्हणाली, “एवढं काय भ्यायचं? गुंड आहे का तो?”

झालं, माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. “भितंय कोण त्याला? त्याला स्वतःला वाटतं तसं, आम्ही त्याच्या धाकानं गप्प बसतो म्हणून. अगं, झोपेपायी त्याची दोन बोटं गेली. माणूस रात्रभर मशीनपाशी उभा राहतो, उद्या हात गेला तर खाणार काय? म्हणून अख्खी गल्ली पाय न वाजवता चालते. ही शेजारची सुंदराबाई, दिवसा मशीनला हात लावत नाही. रात्र रात्र दिवा लावून लेस शिवते, पहाटे टेम्पोवाला येऊन माल घेऊन जातो. डोळे गेले बिचारीचे. आणि ह्या भोंग्याला त्याचं काही आहे का?”

तेवढ्यात दार उघडलं.

भाऊ झोपले नव्हते. दाढ सुजली होती, गालाला फडकं बांधलेलं, लवंगेचा वास येत होता. माझं बोलणं पार शेवटपर्यंत ऐकलं होतं त्यांनी. मग, पहिल्यांदाच, हळू आवाजात म्हणाले, “वहिनी, सुंदराबाई रात्री जागतात ते माझ्यामुळं?”

“मग काय हौस आहे तिला?”

ते मटकन उंबऱ्यावर बसले. शोभाबाई घाबरून पाणी आणायला पळाली. मला वाटलं, दाढेनं चक्कर आली. ते कपाळावर हात मारून घ्यायला लागले, तो बोटं तुटलेला हात.

“मुलाचा मामा आला होता कारखान्यावर,” ते म्हणाले. “चौकशीला. मी शेजारी म्हणून मला विचारलं त्यानं. मी म्हटलं, पोरगी गुणाची आहे. आईचं मात्र मी काही बोलत नाही. रात्रभर दिवा जळतो त्यांच्याकडं, पहाटे टेम्पोवाला येतो.” मग तोंड झाकून म्हणाले, “रात्री पाळीत चहाला गल्लीच्या कोपऱ्यावर यायचो तेव्हा त्यांच्या खिडकीत उजेड दिसायचा, वहिनी. मी आपलं वाईटच धरून चाललो. एकदा विचारलंसुद्धा नाही.”

मी काय काय बोलले ते सांगण्यासारखं नाही. जीभ झडो, इथपासून सुरुवात केली. तुझ्या झोपेसाठी जिनं डोळे फोडून घेतले, तिच्या अब्रूवर राख टाकलीस? तुला लाज कशी नाही वाटली? मी बोलत होते नि भाऊ मान डोलावत होते, अगदी बरोबर आहे म्हणून.

मग माझं लक्ष गेलं. सुंदराबाई तिच्या दारात उभी होती, हातावर साडी तशीच. मयुरी तिच्या मागं. भाऊंनी वर बघितलं नि उठून तिच्या पायाशी वाकायला गेले. सुंदराबाई मागं सरकली. एवढंच म्हणाली, “मयुरी, आत चल.” दार लावून घेतलं. मला वाटलं होतं, आता ही ह्याच्या तोंडावर थुंकेल. थुंकली असती तर भाऊंना बरं वाटलं असतं, असं आता वाटतं.

दुसऱ्याच दिवशी भाऊ उधन्याला रेल्वेगाडीत बसले नि दोंडाईचा गाठलं. दाढ तशीच ठणकत होती. आमचे मालक सोबत गेले, कारण माझा भाऊंवर काडीचा विश्वास उरला नव्हता. मालकांनी आल्यावर सगळं सांगितलं. भाऊंनी मुलाच्या बापासमोर टोपी काढून ठेवली. म्हणाले, माझ्या घाणेरड्या डोळ्यांना घाण दिसली, बाई सोन्यासारखी आहे, माझ्यासाठी जागते. तो बाप भला माणूस. त्यानं ऐकून घेतलं, चहा दिला, नि म्हणाला, “उशीर झाला. आमचं नवापूरला ठरलं, गेल्या आठवड्यात सुपारी फुटली.” मग म्हणाला, “शेजाऱ्याचा शब्द खरा नाही मानायचा, तर कोणाचा मानायचा, तुम्हीच सांगा.” परतीच्या गाडीत भाऊ दारापाशी खाली बसून आले. बाकड्यावर बसा म्हटलं तरी उठले नाहीत.

मयुरीचं लग्न पुढं झालं, पण फार पुढं, आणि त्या दोंडाईच्यासारखं स्थळ परत आलं नाही. सुंदराबाईनं भाऊंना शाप दिला नाही नि माफही केलं नाही. बोलणं बंद, एवढंच.

मला मात्र चैन पडेना. दोंडाईच्याहून आल्यावर भाऊ कामावर परत गेले, सकाळी आले, दार लोटून झोपले, नि गल्ली आपली पहिल्यासारखीच गप्प! धुडकू आला तो तोंड मिटून गेला. माझं डोकंच फिरलं. अरे, कोणासाठी हे? मी सुक्या मिरच्या भरलेलं सूप घेतलं, खलबत्ता उचलला, नि नळाकडं न जाता सरळ भाऊंच्या दारासमोर बैठक मारली. ठरवलं, रोज इथंच कुटायचं. पहिला घाव घातला, दणकून.

दुसऱ्याला हात वर केला तो कोणीतरी मनगट धरलं. सुंदराबाई.

“उचल इथून,” ती म्हणाली.

“तुझी पोरगी घरी बसवली त्यानं!”

“ते मी विसरले नाही. उचल. त्याचा हात जाईल.”

आतून कडी वाजली. भाऊ दारात आले. झोपलेले नव्हतेच. डोळे खोल गेलेले, दाढी वाढलेली. हात जोडून मला म्हणाले, “कुटा वहिनी, कुटा. पाया पडतो. सगळ्यांनी मिळून आवाज करा. ही शांतता मला सोसवत नाही. पडल्या पडल्या ऐकतो मी, कोण कसं हळू चाललंय ते. धुडकूची गाडी दारापाशी मंदावते, तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं होतं.”

तो भोंगा असा बोलताना ऐकून माझ्या हातातला बत्ता खाली गेला. सुंदराबाईनं त्यांच्याकडं बघितलं, इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

“माझ्यापाशी रडू नका, भाऊ,” ती म्हणाली. “संध्याकाळी पाळी आहे ना? जा, झोपा.”

आणि ते गेले. लहान मुलासारखे मुकाट आत गेले, दार ओढून घेतलं. मी नि सुंदराबाई मिरच्या गोळा करायला लागलो. मला खूप राग होता अजून, सांगते ना. पण उठताना माझ्या पायातल्या चपला वाजल्या, नि मी खाली वाकून त्या हातात घेतल्या.