भाचीच्या गालावरची खूण

माझ्या भाचीच्या उजव्या गालावर जन्मानंतर आठवड्याभरात एक फिकट गुलाबी रेघ दिसू लागली. बारशाला ती डोळ्याच्या कडेपासून हनुवटीपर्यंत उतरली होती. दोन महिन्यांत तिथे पिकल्या तुतीसारखा लाल, फुगीर डाग झाला. बाळाला बघायला आलेली माणसे आधी डागाकडे बघत, मग बाळाकडे.

बहिणीचे सासर मुळा धरणाच्या अलीकडे, राहुरीपासून अर्ध्या तासावर. शेती आणि गोठा असलेले साधे घर. मी राहुरीत एका कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी करतो. इंग्रजीतले कागद वाचून दाखवणारा त्यांच्या नात्यात मीच, म्हणून दवाखान्यात जाताना ते मला बरोबर नेत.

नगरला त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो त्या दिवशी बाळ फार रडले. बहीण तिला पाजायला बाहेर घेऊन गेली. मेव्हणे गाडी लावायला गेले होते ते अजून आले नव्हते. आत मी एकटा. बाई म्हणाल्या, ही रक्तवाहिन्यांची गाठ आहे, काही वर्षांत बरीचशी आपोआप विरते. एका औषधाने लवकर विरेल, पण ते सुरू करण्याआधी पुण्याला हृदयाची सोनोग्राफी आणि डोक्याचा एमआरआय करून घ्या. चिठ्ठी लिहिता लिहिता त्या थांबल्या.

"एवढी मोठी खूण कधी कधी एकटी येत नाही," त्या म्हणाल्या.

मी मान हलवली. बाहेर येऊन बाकी सगळे सांगितले. हे वाक्य सांगितले नाही. बहीण रात्रंदिवस त्या गालाकडे बघून रडत होती, तिला आणखी घाबरवायला नको, असे मला तेव्हा वाटले.

घरी दोन दिवस बोलणे चालले. एमआरआयसाठी एवढ्याशा जिवाला गुंगी देणार हे सासूबाईंना पटेना. शेवटी सगळे माझ्या तोंडाकडे बघू लागले. मी दोन संध्याकाळी बसून वाचले. लहान मुलांचे असे बहुतेक डाग आपोआप जातात, हे बऱ्याच ठिकाणी दिलेले होते. त्याच पानांवर खाली एका दुर्मीळ आजाराविषयी होते. चेहऱ्यावर असा मोठा डाग, आणि त्याच्या जोडीला मेंदूच्या किंवा हृदयाजवळच्या मोठ्या रक्तवाहिन्यांत जन्मजात दोष. तेही मी वाचले. दुर्मीळ या शब्दावर टेकलो आणि पुढे गेलो. मी सांगितले, डाग आपोआप जाणारच आहे, तर औषध कशाला? आणि औषधच नाही तर त्याच्या आधीच्या तपासण्या तरी कशाला?

"मामा शिकलेले हायेत," सासूबाई म्हणाल्या. "वाचल्याबिगर बोलायचे न्हाईत." घराला हायसे वाटले.

मग मी मला जमणारे काम हाती घेतले. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी जायचे, भाची झोपली की तिच्या गालावर ट्रेसिंग पेपर ठेवून मऊ पेन्सिलीने डागाची कड उतरवून घ्यायची, तारीख घालायची आणि नंतर आलेखाच्या कागदावर ठेवून चौकोन मोजायचे. सहाव्या महिन्यापर्यंत चौकोन वाढले. मग थांबले. वर्ष उलटल्यावर कमी होऊ लागले. मी आकृत्या ओळीने मांडून दाखवत असे. मेव्हणे एकेक कागद खिडकीशी धरून बघत आणि हसत. त्या घरात त्या वर्षी सगळे आनंदात होते.

ती उशिरा चालायला लागली. चार पावले टाकली की खाली बसायची आणि पोटऱ्या धरायची. बहिणीने मला विचारले. वाढत्या वयात पाय दुखतात, मी म्हणालो. हेही मी कुठेतरी वाचलेलेच होते.

तिसरे वर्ष लागल्यावर जावळ काढायचे ठरले. डाग एव्हाना ओळखू न येण्याइतका फिका झाला होता, म्हणून सासूबाईंनी चांगली पन्नास माणसे बोलावली. जावळ मामाच्या मांडीवर काढतात. चैत्रातले ऊन होते, अंगणात पाटावर मी तिला घेऊन बसलो. तिचे कपाळ तापलेले, तळहात घामेजलेले. कातरी चालवणारे म्हातारे नाभिक मध्येच थांबले. हलू नये म्हणून त्यांनी तिचा पाय धरला होता.

"मामा, पोरीचं पाय लई गार हायेत. उन्हात बसून बी."

"मामावर गेलीय," सासूबाई म्हणाल्या. "ह्यांचं बी डोकं तेवढं गरम आसतंय पुस्तकानं, बाकी समदं गार."

सगळे हसले. मीही हसलो. माझ्या मांडीवर टेकलेली ती पावले धोतरातूनही गार लागत होती. केस उतरवून होईपर्यंत मी ती हातात धरून चोळत राहिलो, पण ती गरम झाली नाहीत.

आषाढात तिला ताप आला आणि धाप लागली. नगरला बालरोगतज्ज्ञांकडे नेले. मी डागाच्या आकृत्यांची फाईल पुढे केली. त्यांनी ती न उघडता बाजूला ठेवली, भाचीच्या जांघेत दोन बोटे टेकवली आणि बराच वेळ तशीच ठेवली. मग दुसऱ्या बाजूला. हाताचे ब्लडप्रेशर घेतले, पायाचे घेतले.

"पायात नाडी लागत नाही," ते म्हणाले. "हृदयाची तपासणी कधी केली होती?"

मेव्हण्यांनी माझ्याकडे बघितले. त्या बघण्यात राग नव्हता, उत्तर मी देणार याची सवय होती.

पुण्यात कळले ते असे. हृदयातून निघणारी मुख्य रक्तवाहिनी जन्मापासून एका जागी चिंचोळी होती. वरच्या अंगात दाब फार, खाली रक्त पुरेसे पोचत नव्हते, आणि हृदयाची भिंत त्या श्रमाने जाड झाली होती. मेंदूकडे जाणाऱ्या दोन वाहिन्याही बारीक. आधी दाब आटोक्यात आणू, मग शस्त्रक्रिया, असे सर्जन म्हणाले आणि त्यांनी तारीख दिली. तारखेला आठ दिवस असताना सकाळी दूध पिताना तिच्या हातातला पेला पडला. उजवा हात उचलेना. तिसऱ्या दिवशी दुपारी ती हॉस्पिटलातच वारली. गालावर तेव्हा काहीच नव्हते.

दिवाळीनंतर मी बहिणीकडे गेलो. ती अंगणात तूर निवडत होती.

"दादा, त्या दिवशी मी तिला पाजायला बाहेर गेले होते. आत बाईंनी अजून काही सांगितलं होतं का?"

मी सांगितले. शब्दही तेच सांगितले. तिचा हात सुपात थांबला, पुन्हा चालू लागला. मी म्हणालो की घरातल्यांनाही आज सांगतो.

"नको," ती म्हणाली. "सांगून तू मोकळा होशील."

इतक्यात सासूबाई गुडघा धरत बाहेर आल्या. नगरला काढलेला एक्स-रे त्यांच्या हातात होता. डॉक्टर काय बोलले ते कळले नाही, मामा, तुमीच बघा, म्हणाल्या. मी तो घेऊन उजेडाकडे धरला. बहीण सूप खाली ठेवून माझ्याकडे बघत राहिली.