तीन किलोंपैकी एक किलो सहाशे पन्नास

गेल्या वर्षी सप्टेंबरच्या दुसऱ्या शनिवारी, सकाळी आठ वाजता, खारघरच्या आमच्या स्वयंपाकघरात आम्ही तिघं उभे होतो: मी, बायको आणि माझी आई. बायकोच्या खात्यात आदल्या दिवशी अठराशे रुपये जमा झाले होते. तीन किलो ताजा पास्ता, किलोला सहाशे. समोरच्या टॉवरमधल्या एका बाईंच्या मुलीचा वाढदिवस होता आणि माल संध्याकाळी पाचला पोचवायचा होता. बायकोने मिक्सरचं बटण फिरवलं. मोटर घुंऽ करून कण्हली आणि थांबली. पुढे लावलेले रोलर जागचे हलले नाहीत.

मिक्सर म्हणजे आपला चटणीचा नव्हे. कणीक मळायचा मोठा, जड मिक्सर. त्याच्या तोंडाला पास्ता लाटायचे दोन रोलर बसवता येतात. कणकेचा गोळा वरून घालायचा, खालून पट्टी निघते. बाजूला एक ते आठ आकड्यांची चकती असते, आकडा वाढवत नेला की पट्टी पातळ होत जाते.

हे सगळं घरात आलं कारण बेलापूरच्या ऑफिसने मार्चमध्ये बायकोला घरी बसवलं. वय सत्तेचाळीस. तिने तेवीस ठिकाणी अर्ज केले. दोन उत्तरं आली, दोन्ही नकाराची. मग तिने ऑफिसकडून मिळालेल्या पैशांतून मिक्सर घेतला. मी विरोध केला नाही, पाठिंबाही दिला नाही. न्हावा शेव्याच्या नोकरीवरून घरी येईपर्यंत माझ्यात तेवढं काही उरलेलंच नसतं. पाच महिने ती नुसती शिकत होती आणि आम्ही तिघांपैकी दोघं ते शिकणं खात होतो. ही तिची पहिली ऑर्डर. ही नीट गेली नाही तर मिक्सर विकून टाकायचा, असं तिने मला एकदाच, भाजी निवडताना सांगितलं होतं. दुसऱ्यांदा सांगायची तिची पद्धत नाही.

आता रोलर का अडकले ते. आई माळकरी. आमच्याकडे अंडं चालतं, पण त्याचा तवा वेगळा, पातेलं वेगळं, आणि ती भांडी त्याच दिवशी घासून बाल्कनीतल्या फळीवर जातात. एकवीस वर्षांत हा नियम मोडलेला नाही. एरवी बायको रोलर स्वतःच आवरून फळीवर ठेवायची. शुक्रवारी संध्याकाळी तिने चाचणीसाठी थोडा पास्ता केला आणि रोलर तसेच ओट्यावर ठेवून ती डबे आणायला खाली गेली. आई ओट्याशी आली.

"ह्याला अंडं लागलंय का रं?"

मला खोटं बोलता येत नाही. "लागलंय," म्हटलं.

"मग धुतल्याबिगर हितं ठिवू नगंस."

मी रोलर काढले. बादलीत गरम पाणी घेतलं, साबण घातला, अर्धा तास भिजवले, तीन पाण्यांनी काढले आणि फळीवर पालथे घातले. बायको आली तेव्हा मी म्हणालो, धुऊन ठेवलंय. ती म्हणाली, "बरं केलंत." तिला वाटलं, मिक्सरचं भांडं धुतलं.

त्या यंत्राबरोबर आलेलं वॉरंटीचं कार्ड मी अथपासून इतिपर्यंत वाचलं होतं. बिलाला टाचून फाइलमध्ये लावलं होतं. वापराची पुस्तिका मात्र उघडली नव्हती, कारण ती बायकोची बाब. पुस्तिकेच्या चौथ्या पानावर जाड अक्षरांत होतं: पाण्यात घालू नये, पीठ सुकू द्यावं, ब्रशने झटकावं. आतल्या दातेरी चाकांत बसलेल्या मैद्याची रात्रभरात खळ होऊन ती सुकली होती. वर पुसट तांबूस गंजही धरला होता.

बायकोने पुस्तिका वाचून मिटली. आईच बोलली.

"मी धू म्हनलं. बुडव नव्हं म्हनलं."

"आई, तुम्ही बसा," बायको म्हणाली, आणि मला, "अहो, मैदा तोला. दोन किलो. अंडी वीस."

कणीक तेवढी मिक्सरने मळली. नंतर पोळपाट-लाटणं. मैद्याची ती घट्ट कणीक पोळीसारखी ऐकत नाही. लाटली की मागे सरते. पहिला गोळा पुरा व्हायला पंचवीस मिनिटं लागली आणि भरला शंभर ग्रॅम. मी मनात हिशेब केला आणि तो तिला सांगितला नाही.

आई दारात स्टूल घेऊन बसली होती. अंड्याला ती हात लावणार नव्हती. पण बघत होती.

"वल्ल्या फडक्याखाली ठिव की जरा. मुरल्याबिगर कसं लाटंल?"

अर्धा तास मुरू दिल्यावर लाटणं खरंच सोपं झालं. मग दोन खुर्च्यांवर पडद्याचा दांडा आडवा टाकायला आईनेच सांगितलं, शेवया वाळवतात तसा. बायको लाटत होती, मी घडी घालून सुरीने कापत होतो. माझ्या पट्ट्या एकसारख्या येत होत्या. तेवढं एक मला जमतं. दुपारी जेवण झालं नाही. तीनला तिचं मनगट दुखायला लागलं, तेव्हा आम्ही कामं बदलली, आणि माझं लाटलेलं तिने दोनदा परत मोडलं.

साडेचारला काट्यावर ठेवलं. एक किलो सहाशे पन्नास.

"फोन करून सांगू का?" मी विचारलं.

"फोन सकाळीच केलाय. कमी भरेल, दुकानातली पाकिटं आणून ठेवा, असं सांगितलंय." मला हे माहीत नव्हतं. ती बहुधा मी अंडी आणायला गेलो तेव्हा बोलली असावी. डबे तिने एकटीने नेऊन दिले. परत आली ती चपला न काढता सोफ्यावर बसली.

साडेआठला त्या बाईंचा फोन आला. बायकोने तो स्पीकरवर टाकला, कारण हाताने धरवत नव्हता. "ताई, मुलांनी पाकिटाचा खाल्ला, त्यांना काय कळतंय. तुमचा आम्ही मोठ्यांनीच संपवला. पुढच्या महिन्यात माझ्या जावेकडे कार्यक्रम आहे, तिला पाच किलो हवाय."

"दीड किलो देईन," बायको म्हणाली. "हाताने होतो तेवढाच."

"बरं, दीड तर दीड. आणि ते उरलेले पैसे राहू देत हो."

"नाही. ते येतील."

फोन ठेवल्यावर मी म्हणालो, "नवे रोलर घेऊ. मी देतो."

"नकोत. परत आई धुवायला सांगतील आणि तुम्ही धुवाल."

आतून आई म्हणाली, "आता कशाला सांगतीय."

कमी पडलेला पास्ता एक किलो साडेतीनशे ग्रॅम, त्याचे आठशे दहा रुपये. ते मी जेवायला बसण्याआधी माझ्या खात्यातून त्या बाईंना पाठवले.