बेलच्या बटणाने काढलेला फोटो

गुवाहाटीला बदली झाल्याची ऑर्डर हातात पडली, त्या संध्याकाळपासून माझं डोकं एकाच गोष्टीत अडकलं. आईचा आणि माझा एकत्र फोटो नव्हता. म्हणजे जुने होते, माझ्या लग्नातले वगैरे; पण कोलकात्यातल्या या चार वर्षांतला एकही नाही. रविवारी भाऊ येऊन तिला पुण्याला नेणार होता. आई मला विसरून वर्ष होत आलं होतं. ‘आई, मी तुझी मुलगी’ असं सुरुवातीला सांगून पाहिलं, तर ती घाबरून रडायला लागली. तिची मुलगी लहान होती आणि शाळेतून अजून यायची होती. मग मी सांगणं सोडलं. फोटो बघून तिला पुढे कधी आठवेल, अशी आशा होती का? असेल. की मलाच हवा होता? तेही असेल. नीट सांगता येत नाही.

एका फोटोला असं काय लागतं, असं कुणीही म्हणेल. आमच्याकडे लागायचं. मोबाइलवर सेल्फी घ्यावा, तर आई पडद्यावरच्या स्वतःलाच ‘या ना, बसा ना’ म्हणायची. कामाच्या मावशींच्या हातात कॅमेरा द्यावा, तर आई राष्ट्रगीत लागल्यासारखी ताठ उभी. टायमर लावायला मी शेजारून उठले की तीही उठायची. ‘निघालात? थांबा, मीही येते.’ दहा सेकंदांत आम्ही दोघी दाराशी आणि फोटोत नुसता सोफा. असे सात रिकामे सोफे माझ्याकडे आहेत.

म्हणजे मला उठावंच लागू नये. कॅमेरा जुना, त्याचा वायरवाला रिमोट आता मिळत नाही, असं चांदनी मार्केटात तिघांनी सांगितलं. चौथा म्हणाला, ‘दीदी, घर में बना लीजिए ना! पुराना ईयरफोन काटिए, बेल का सुइच लगाइए, हो गया.’ आणि बारीक पिनेचा एक जुना ईयरफोन व दारावरच्या बेलचं पांढरं बटण त्याने पुडीत बांधून दिलं. मी जन्माची कॉमर्सवाली. ‘हो गया’वर विश्वास ठेवला.

शनिवारी दुपारी सॉल्ट लेकच्या आमच्या फ्लॅटमध्ये जेवणाच्या टेबलावर मी ईयरफोन कापला. आतून तीन तारा निघाल्या, केसासारख्या बारीक. एक लाल, एक हिरवी, एक तांबूस. एका व्हिडिओत माणूस सांगत होता, हिरव्या तारेने फोकस होतो आणि लालने फोटो निघतो. दुसऱ्यात बरोबर उलटं. तिसरा कुठल्या भाषेत होता देव जाणे, पण त्याचं जमलं होतं. मी लाल तांबूसला लावली. काही नाही. हिरवी लावली. काही नाही. तिन्ही एकत्र पिळल्या, पिन काढली, घातली, कॅमेरा बंद करून चालू केला. तो ढिम्म. बँकेची बेचाळीस जणांची शाखा सांभाळणारी बाई मी, आणि तीन तारांपुढे मला रडू यायला लागलं.

आई समोर बसून शेंगा सोलत होती. बराच वेळ तिने पाहिलं आणि म्हणाली, ‘टोकं घासलीत का?’

मला कळेना ती कशाबद्दल बोलते आहे.

‘काचकागद आणा. टोकं घासल्याशिवाय जोडणी करायची नाही, पहिल्याच दिवशी सांगितलं होतं सगळ्यांना.’

आईने तीस वर्षं कॉलेजात फिजिक्सची प्रॅक्टिकल्स घेतली होती. काचकागद घरात नव्हता. नखं घासायची कानस होती, ती दिली. तिने लाल तार चिमटीत धरून दोनदा घासली आणि लाल रंग निघून आत तांबं चमकलं. ‘हा रंग म्हणजे वार्निश. त्यातून करंट कसा जाणार? अकरावीला ना तुम्ही?’ हे मला, छप्पन्नाव्या वर्षी. मी मान हलवली. तिने तिन्ही टोकं घासली. तिचे हात जराही थरथरत नव्हते. वार्निश तिच्या लक्षात होतं आणि मी नव्हते. मला त्या तारेचा मत्सर वाटला. लिहायला लाज वाटते, पण वाटला.

मग मी हिरवी तांबूसला टेकवली, तर कॅमेऱ्याने बीप केलं. लाल टेकवली आणि खट्! लाल-हिरवी एकत्र पिळून बटणाच्या एका बाजूला बसवल्या, तांबूस दुसऱ्या बाजूला. कॅमेरा स्टुलावर पुस्तकं रचून त्यावर ठेवला आणि बटण मुठीत घेऊन मी आईशेजारी सोफ्यावर बसले. ती उठली नाही. पण तिची नजर तारेवर. तार सैल तर नाही ना, हे बघायला प्रत्येक वेळी खाली वाकायची. वीस फोटो काढले, विसांत तिचा अंबाडाच.

एकविसाव्याच्या आधी ती माझ्याकडे वळली आणि इथे कुठल्याही मराठी बाईला दुसरी विचारते तसं तिने विचारलं, ‘तुमचं माहेरचं आडनाव काय हो?’

मी गडबडले. पुन्हा घाबरली तर? उद्या तर ती जाणार. सासरचं सांगून वेळ मारून न्यावी, असं मनात आलंही. पण तोंडातून निघालं ते खरं.

‘अगंबाई, आमचंच की!’ आईने माझ्या गुडघ्यावर थाप मारली. ‘मग तू आमच्यातलीच! इतके दिवस बोलली का नाहीस गं?’

बटण मी कधी दाबलं ते आठवत नाही. फोटो आहे, त्या अर्थी दाबलं असणार. त्यात ती माझ्याकडे बघून हसते आहे आणि माझं तोंड वेडंवाकडं झालं आहे. भावाने फोटो पाहिला आणि विचारलं, ‘ओळखलं तिने तुला?’

मी हो म्हणाले. मग नाही म्हणाले.